अंतराळ स्टेशन २५ वर्षं चालतं, आमचा आरओ दोन वर्षांत का बंद पडतो? एका मेकॅनिकचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दर्यापूर तालुक्यातल्या तुमच्या गावचा आरओ प्लांट, म्हणजे खारं पाणी गोड करणारी मशीन, तुम्ही सहा महिन्यांपासून सांभाळता, आयटीआयला फिटर ट्रेड झालाय, आणि विचारलंय असं: "वर ते अंतराळ स्टेशन २५ वर्षांपासून चालू हाये, अन् आमचा प्लांट दर दोन वर्षांनी बंद पडते. त्याईच्या मशिनीले बिघाड होतच नाही काय? अन् एवढे शिकलेले लोक वर दिवसभर करतात तरी काय?" शेवटी आजीची भीतीही लिहिलीय, की चंद्रपूरच्या सिंदेवाहीला आभाळातून रॉकेटचे तुकडे पडले तसं ते स्टेशन आपल्या घरावर पडलं तर? आजींचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो, पण देतो नक्की.

आधी मी कोण ते सांगतो. १७ वर्षं कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मेंटेनन्स फिटर होतो. त्यानंतरची १२ वर्षं खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या, गावांचे आरओ प्लांट दुरुस्त करण्यात गेली. अंतराळाशी माझा संबंध वाचण्यापुरता. पण नासा स्टेशनवर काय-काय काम झालं याचे अहवाल सगळ्यांसाठी उघड प्रसिद्ध करते, आणि ते मी बरीच वर्षं वाचत आलोय. पहिल्यांदा मुलीने वाचून दाखवले तेव्हाच वाटलं, हे तर आपलंच लॉगबुक आहे. अमुक फिल्टर साफ केला, तमुक व्हॉल्व्ह बदलला, पंपाचा आवाज तपासला. म्हणून या विषयावर माझ्या हातच्या कामावरून बोलायची हिंमत करतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिथेच खरी अडचण आहे. वरच्या मशिनी बिघडत नाहीत असं तुम्हाला वाटतं. त्या सतत बिघडतात. स्टेशनचा पहिला भाग, झार्या, २० नोव्हेंबर १९९८ ला वर गेला. २ नोव्हेंबर २००० पासून आजपर्यंत तिथे माणूस नाही असा एकही दिवस गेला नाही. आणि याच काळात थंडाव्याचा पंप बंद पडला, संडासाचा पंप गेला, भिंतीतून हवा गळाली, बेअरिंगचा चुरा झाला. तरी ते चालतंय, कारण बिघडणार हे धरूनच ते बांधलं आणि धरूनच रोज चालवतात. आपण गावात प्लांट बसवतो तो उद्घाटनाच्या दिवशी जसा आहे तसाच राहील असं समजून. फरक यात आहे.

अर्थात सगळंच यावर नाही. त्यांच्यामागे ह्यूस्टन, हंट्सव्हिल, मॉस्को, जर्मनी आणि जपान अशा पाच ठिकाणी नियंत्रण कक्ष आहेत. तुमच्यामागे कोण आहे ते मला माहीत आहे. महिन्याचं तुटपुंजं मानधन, भारनियमन, आणि पाणी आलं नाही की दारात उभ्या बाया. सुटे भाग कधी मिळतात तेही ग्रामपंचायतीच्या बिलावर अवलंबून. म्हणून 'ते करतात तसं करा' असं मी म्हणणार नाही. ज्याला पैसा लागत नाही तेवढंच तुमच्यासाठी उचलतो.

आता दिवसाचं. स्टेशनवर घड्याळ ग्रीनिचचं चालतं. सकाळी सहाला उठतात, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. दर दीड तासाला पृथ्वीची एक फेरी होते, दिवसाला १६ वेळा सूर्य उगवतो, म्हणून खिडकीबाहेर पाहून दिवस ठरवता येत नाही. उठल्यावर जमिनीवरच्या सगळ्या कक्षांशी बोलणं होतं आणि मग स्क्रीनवरच्या वेळापत्रकावर एक लाल रेघ सरकत राहते. काम पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने मांडलेलं असतं. रेघ पुढे आणि तुम्ही मागे, म्हणजे उशीर झाला. त्यात दोन-अडीच तास व्यायाम सक्तीचा. वजनच नसल्याने हाडं आणि स्नायू झिजतात, म्हणून धावायचा पट्टा, सायकल आणि वजन उचलल्यासारखा जोर देणारं एक यंत्र. बाकी वेळात प्रयोग, दुरुस्ती, सामान लावणं.

शुभांशू शुक्ला २६ जून २०२५ ला स्टेशनवर पोहोचले आणि १४ जुलैला निघाले. त्यांनी मूग आणि मेथी तिथे रुजवून पाहिली हे तुम्ही वाचलं असेल. इतक्या थोड्या दिवसांसाठी गेलेल्या माणसाचा वेळ बहुतेक प्रयोगांतच जातो. सहा-सहा महिने राहणाऱ्यांना मात्र घर सांभाळावं लागतं. वेगळा मेकॅनिक नाही, वेगळी झाडणारी नाही. शनिवारी सगळे मिळून साफसफाई करतात. डॉक्टर असो की लढाऊ विमानाचा पायलट, व्हॅक्यूम क्लिनर हातात घ्यावाच लागतो.

आणि ती सफाई दिसण्यापुरती नसते, हे मला जिनिंगमुळे पटकन कळलं. सीझनमध्ये रुईचे तंतू हवेत उडतात, पण संध्याकाळपर्यंत खाली बसतात, झाडून काढता येतात. वर काहीच खाली बसत नाही. धूळ, कातडीचा भुगा, केस, पावाचा कण, सगळं तरंगतं आणि जिकडे हवेचा ओढा तिकडे जातं, म्हणजे हवा परत घेणाऱ्या जाळ्यांवर. जाळी बुजली की हवा फिरणं कमी. आपल्याकडे पंखा बंद पडला तर उकडतं एवढंच, कारण गरम हवा आपोआप वर जाते आणि नवी येते. तिथे ते होत नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचत जातो आणि तोच तो परत घेतो. डोकं दुखायला लागतं. म्हणजे एका जाळीवरचा केरसुद्धा श्वासाचा प्रश्न आहे. एखादी हरवलेली वस्तू शोधायची तर तेही आधी त्या जाळ्यांवरच पाहतात.

तुमच्या कामाचा खरा भाग पाण्याचा आहे, तिथे जरा थांबून सांगतो.

स्टेशनवर लघवी, घाम, श्वासातली वाफ, सगळ्याचं पाणी परत पिण्यालायक करतात. ही यंत्रणा नोव्हेंबर २००८ मध्ये वर गेली. लघवी आधी एका फिरत्या ड्रममध्ये, कमी दाबाखाली उकळतात. वजन नसल्याने द्रव तळाशी बसत नाही, म्हणून ड्रम फिरवून त्याला भिंतीला चिकटवावं लागतं. वाफेचं पाणी पुढच्या गाळण्यांत जातं, उरतो तो खारट गाळ. ठरलं होतं की लघवीतलं ८५ टक्के पाणी काढायचं. जमिनीवर चाचण्या झाल्या होत्या. पण वर गेल्यावर वर्षभरातच ड्रमचा भाग क्षाराने चोंदला.

काढून पाहिलं तर कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. आपल्याकडे चोपण जमिनीत टाकतो तेच. आलं कुठून? अंतराळात हाडं झिजतात, त्यातला कॅल्शियम लघवीतून जातो. लघवी टिकावी म्हणून तिच्यात सल्फ्युरिक आम्ल घालत होते, सल्फेट तिथून आलं. दोघं भेटले, पाणी कमी होत गेलं तसा त्याचा दगड झाला. जमिनीवर चाचणीसाठी घेतलेल्या लघवीत एवढा कॅल्शियमच नव्हता.

त्यांनी काय केलं ते लक्ष देऊन वाचा. पहिलं म्हणजे हाव कमी केली. ८५ ऐवजी ७० ते ७५ टक्केच पाणी काढायचं आणि बाकी सोडायचं. क्षार विरघळलेले राहतील एवढं पाणी त्यांच्याजवळ ठेवायचं. पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरून सल्फेट वाढण्याचं मूळ काढलं आणि मग परत ८५ च्या पुढे गेले. नंतर २०२१ मध्ये उरलेल्या खाऱ्या गाळातूनही पाणी ओढणारं वेगळं यंत्र लावलं, आणि २०२३ मध्ये एकूण ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने जाहीर केलं. म्हणजे ९८ ला पोहोचायला आधी ७० ला उतरावं लागलं.

भाऊ, आता तुमच्या प्लांटवर चला. रिजेक्टचा, म्हणजे क्षारांसकट बाहेर सोडायच्या पाण्याचा, व्हॉल्व्ह आठवा. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी किती खारं आहे ते तुमच्या जिभेला माहीत आहे. रिजेक्टचं पाणी नालीत जाताना दिसतं तेव्हा गावातला प्रत्येक माणूस म्हणतो, केवढं पाणी वाया चाललं. मलाही म्हणाले होते. एका गावात एप्रिलमध्ये टंचाई होती, सरपंच आणि चार बाया प्लांटवर आल्या आणि मी रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळून दिला. त्या आठवड्यात पाणी वाढलं, माझी वाहवा झाली. चौथ्या महिन्यात मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, दगडासारखं झालं. सायट्रिक आम्लाने धुऊन पाहिलं, सुटलं नाही. नवीन यायला पावसाळा उलटला, आणि तोवर त्या बायांनी पुन्हा खारं पाणी प्यायलं. ती चूक माझी होती आणि तिचं दुःख मला अजून आहे. त्यानंतर कितीही लोक आले तरी मी तो व्हॉल्व्ह आवळला नाही. समजावून सांगितलं की हे पाणी वाया जात नाही, ते क्षार वाहून नेण्याचं काम करतं.

तुमच्या आधीच्या ऑपरेटरने हेच केलं असावं असा माझा अंदाज आहे. दोन वर्षांत मेंब्रेन जाण्याची दुसरीही कारणं असतात. क्षार जमू न देणाऱ्या अँटीस्केलंट औषधाचा डोस बंद असणं, मेंब्रेनआधीच्या गाळणीचं कार्ट्रिज वेळेवर न बदलणं, व्होल्टेज कमी असताना पंप रेटणं. पण आपल्या पट्ट्यात मी आधी रिजेक्टकडे बघतो.

दुसरा किस्सा ग्रीसचा. स्टेशनच्या सौर पट्ट्या सूर्याकडे तोंड करून राहाव्यात म्हणून त्यांना फिरवणारे दोन मोठे सांधे आहेत, प्रत्येकी साधारण तीन मीटर व्यासाचे. २००७ मध्ये उजवीकडचा सांधा थरथरू लागला आणि त्याची मोटर नेहमीपेक्षा जास्त करंट ओढू लागली. जिनिंगमध्ये आम्ही अँमीटरकडे का बघायचो? काटा रोजच्यापेक्षा वर गेला की बेअरिंग आवाज करायच्या आधीच कळतं. त्यांनाही असंच कळलं. ऑक्टोबरमध्ये अंतराळवीर डॅनियल टानी यांनी बाहेर जाऊन झाकण उघडलं तर आत लोखंडाचा कीस. चिकटपट्टीवर घेऊन तो आत आणला. घासणाऱ्या पृष्ठभागाला वंगण पुरेसं नव्हतं, हे कारण निघालं. मग वर्षभर तो सांधा गरजेपुरताच हलवला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये चार फेऱ्यांत बाहेर जाऊन तो पुसला, ग्रीस दिलं, बारापैकी जवळपास सगळे बेअरिंगचे संच बदलले.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. डावीकडचा सांधा चांगला चालत होता, तरी त्याच फेरीत त्यालाही ग्रीस देऊन आले. एक बेअरिंग गेलं की तिचं जोडीदार बेअरिंगही बघायचं, हे आमचे जुने मिस्त्री शिकवायचे, आणि सीझनच्या घाईत तेच आधी विसरलं जायचं.

याच कामात अंतराळवीर हायडमेरी स्टेफानिशिन-पायपर यांच्या पिशवीत ग्रीस गन गळली, ती पुसताना अख्खी पिशवी हातातून सुटली आणि कायमची गेली. म्हणून वर प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेलं असतं, बॅगेतल्या वस्तूंवर बारकोड असतो आणि कोणती वस्तू कुठे ठेवली याची नोंद संगणकात होते. पायही अडकवावे लागतात, नाहीतर पाना फिरवताना बोल्ट जागेवर आणि माणूस गोल फिरतो. तुम्हाला दोरी नको. पण स्पॅनर कुठे टांगायचा त्याची भिंतीवर पेन्सिलने आकृती काढा. रिकामी आकृती दिसली की काय गेलं ते कळतं.

सुनीता विल्यम्स यांचा टूथब्रश तुम्ही ऐकला असेल, पण बहुतेक लोक तो जुगाड म्हणून सांगतात. तसं नव्हतं. ३० ऑगस्ट २०१२ ला विल्यम्स आणि अकिहिको होशिदे वीज वाटणारी एक पेटी बसवायला बाहेर गेले. अशा चार पेट्यांवर स्टेशनची वीज चालते. बोल्ट बसेना, आट्यांत लोखंडाचा कीस अडकला होता. तासनतास प्रयत्न केला, पण जोर लावून आटे मोडले नाहीत. पेटी पट्ट्याने बांधून ठेवली आणि परत आले. पुढचे दिवस जमिनीवर इंजिनिअर तशीच पेटी, तसाच बोल्ट घेऊन बसले, स्टेशनवर जे सामान आहे त्यातूनच ब्रश बनवायचा प्रयोग केला, आणि ५ सप्टेंबरला टूथब्रश आणि तारेच्या ब्रशने आटे साफ करून बोल्ट बसवला. यातलं शिकण्यासारखं काम ३० ऑगस्टचं आहे. थांबले. आपण फिटर लोक नेमके तिथेच पाइप लावून पाना लांब करतो आणि बोल्ट तोडतो.

तुमच्या मनात येईल, पूर्ण बंदच पडलं तर? तसंही झालेलं आहे, दुसऱ्या एका स्टेशनचं. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्या सोव्हिएत स्टेशनवर, सॅल्यूत ७ वर, गेले होते, ते पुढच्याच वर्षी रिकामं असताना मेलं. चार्जिंगचा एक सेन्सर बॅटऱ्या भरल्या आहेत असं खोटं सांगत राहिला आणि बॅटऱ्या उतरून गेल्या. जून १९८५ मध्ये झानिबेकोव्ह आणि साविनिख हे दोघं सोव्हिएत अंतराळवीर अंधारात, थंडगार पडलेल्या त्या स्टेशनला हाताने यान जोडून आत शिरले. पाणी गोठलेलं, अंगात गरम कपडे आणि टोप्या. त्यांनी बॅटऱ्या तपासल्या, चांगल्या वेगळ्या काढल्या, सौर पट्ट्यांना थेट तारांनी जोडल्या आणि यान वळवून ऊन घेतलं. मशीन उठली. तुमच्या टाकीच्या फ्लोट स्विचवर किंवा पॅनेलच्या लाल-हिरव्या दिव्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, हे मी याच किश्श्यावरून नव्या पोरांना सांगत आलोय. दिवा हिरवा असेल, पण झाकण उघडून पाणी बघा.

आता आजींसाठी. सिंदेवाही तालुक्यात २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, लाडबोरीला लोखंडी कडं आणि पवनपारजवळ गोळा पडला, तो चिनी रॉकेटचा उरलेला भाग असावा असं जाणकारांचं मत आहे. काम झाल्यावर तो सोडून दिलेला होता, खाली कुठे येईल ते ठरवणारं त्यावर कोणी नव्हतं. स्टेशनचं तसं नाही. ते ४०० किलोमीटरवर असलं तरी तिथल्या विरळ हवेने महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली घसरतं, आणि दर थोड्या दिवसांनी त्याला जोडलेल्या यानाचं इंजिन चालवून परत वर ढकलतात. हेही तिथलं देखभालीचंच काम आहे. २०३० नंतर ते बंद करायचं ठरलंय, तेव्हा एक खास यान जोडून त्याला प्रशांत महासागराच्या दक्षिणेकडच्या निर्जन पाण्यात उतरवणार आहेत. आजींना सांगा, ज्याची रोज काळजी घेणारे लोक आहेत त्याची भीती नको. आणि एकदा दाखवाही. ज्या संध्याकाळी ते आपल्यावरून जातं, तेव्हा सूर्य मावळून तासभर झाला की पश्चिमेच्या बाजूने एक तेजस्वी ठिपका येतो, लुकलुकत नाही, आवाज नाही, चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडून पूर्वेकडे जातो. वेळा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर मिळतात. आम्ही दरवर्षी शाळेच्या मैदानावर पोरांना दाखवतो.

तुमच्या प्लांटचं काय करायचं ते मात्र इथून नेमकं सांगता येणार नाही, आकडे लागतील. एक वही घ्या. रोज सकाळी प्लांट चालू केल्यावर दहा मिनिटांनी पाच गोष्टी लिहा: कार्ट्रिजच्या आधीचा आणि नंतरचा दाब, मेंब्रेनच्या आधीचा आणि नंतरचा दाब, गोड्या पाण्याचा आणि रिजेक्टचा मिनिटाला किती लिटर प्रवाह, दोन्हीकडचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), आणि पंपाचा करंट. फ्लोमीटर बिघडलेला असेल तर बादली आणि मोबाइलचं घड्याळ चालेल, मी वर्षानुवर्षं तसंच केलंय. रिजेक्टचा व्हॉल्व्ह आज कितपत उघडा आहे त्यावर रंगाची खूण करून ठेवा आणि मी सांगेपर्यंत त्याला हात लावू नका. आठ दिवसांचे आकडे इथेच लिहून पाठवा. प्रवाह कमी होतोय की टीडीएस वाढतोय ते बघून मेंब्रेन धुवायचं की बदलायचं ते सांगतो, आणि धुवायचं ठरलं तर आम्ल किती घ्यायचं, किती वेळ फिरवायचं, तेही.